पालकाचे नाव

पहाटे साडेचारला कडोलीच्या टेम्पोतून
ओल्या पेंड्या उतरतात बेळगावात,
त्यातल्या चार माझ्या.
“येवढी भाजी कुणाला गं?” रुक्मव्वा विचारते.
“शिजवायला न्हवं मावशी, ओळख पटवायला नेतो.”
(आमच्याकडे बायाही नेतो, येतो, जातो म्हणतात.
प्रयोगशाळेच्या पायरीवर मी ‘नेते’ होते.)
ती एक पेंडी वर टाकते.
कीव आली असावी.

शीतखोलीत, चार अंशांवर,
शिरा काढून पानं चिरायची.
मिक्सर तीन सेकंद, थांबून पुन्हा तीन.
लोभ केला तर हरितलवकं फुटतात
आणि भांड्यात नुसता रस्सा.
मग मलमलीच्या चार घड्या,
पिळायचं नाही, गळू द्यायचं.
शिवलीला हुक्केरी फडक्याची दोन टोकं धरते,
दोन मी.

नळ्यांवर आकडे घालताना
तिचा हदिनेळु आणि माझा सतरा
एकाच नळीवर पडला.
दोघींनी पुसला
आणि इंग्रजीत लिहिला.

साखरेच्या थरांवरून यंत्र तासभर गरगरलं
की तळाशी गच्च हिरवं,
आणि वर, अगदी बारीक, एक पिवळं कडं:
लवकाचं वेष्टन. बाहेरची कातडी.
पानात इतकं पिवळं लपलेलं असतं
हे आईला सांगितलं तर म्हणाली,
“मग जून असंल पालक.
पैसे बरोबर दिलंस न्हवं?”

पडद्यातली प्रथिनं पाण्यात येत नाहीत.
तेलात टाके घातल्यासारखी
आत-बाहेर, आत-बाहेर शिवलेली.
सोडवायला साबण लागतो, तोही मवाळ.
यातली बहुतेक इथं जन्मलेली नाहीत.
मजकूर केंद्रकात, घडण बाहेर,
दाराशी येतात ती पुढं एक टोक घेऊन.
आत घेतलं की टोक कापलं जातं.
म्हणून यादीतली लांबी
आणि हाती आलेलं वजन जुळत नाही.
“आधी ते टोक वजा करा,” अंगडी सर म्हणतात.
रेशनकार्डावर आमच्या कंग्राळकरचा ‘कर’ गळाला,
तेव्हा बाबा चार वेळा कचेरीत गेले होते.
पाचव्यांदा गेले नाहीत.

रात्रभर निळ्या रंगात जेल.
पंचविसाजवळ जाडजूड पट्टी, उजेड धरणाऱ्यांची.
दरवेळी तीच पुढं, मुकादमासारखी,
आणि तिच्यामागं कोण उभं आहे ते दिसतच नाही.
आम्ही ब्लेडनं अंधुक रेषा कापतो,
शिवलीला श्वास धरून, मी पुटपुटत.

थर्माकोलचा डबा बेंगळूरच्या रात्रीच्या गाडीत.
कंडक्टर विचारतो, “ओळग एनैत्रि?”
ती म्हणते, “सोप्पु.”
पालेभाजी, तिकिटाविना.

बाराव्या दिवशी यादी आली. तीनशे अकरा नावं.
पहिल्याच ओळीवर केराटिन.
जात: माणूस.
माझ्या मनगटाचं, नाहीतर तिच्या,
हातमोज्याच्या वर उघडं राहिलेलं तेवढं.
कुणाचं, ते यंत्र सांगत नाही.
“कचरा आहे, गाळा,” सर म्हणाले.
शिवलीला हसत सुटली,
मी रेघ मारली, जरा हलकी.

खाली, एकशे चौदाव्या ओळीवर,
वेष्टनातलं एक:
दोन तुकडे सापडले, कार्य अज्ञात, नाव नाही.
त्या ओळीवर आम्ही कितीतरी वेळ बसलो.
बाहेर कुणीतरी दिवे मालवत चाललं होतं.

“पटली काय ओळख?”
दुसऱ्या दिवशी रुक्मव्वानं विचारलं.
“एकाची ऱ्हायली.”
“ऱ्हाऊ दे की,” म्हणाली,
मुळांची माती झटकली टेम्पोच्या फळीवर
आणि पेंडी मोजू लागली,
एक, एरडु, तीन,
तिची ती मोजणी
मी कधी नीट ऐकलीच नव्हती.